चाकूला मोहरी फासणाऱ्यांनो

इन्स्टाग्रामवर एक प्रकार चालतो. कार्बन स्टीलचा नवाकोरा घडीचा चाकू घ्यायचा, पात्यावर मस्टर्ड सॉसचे ठिपके द्यायचे, थोडा वेळ ठेवायचं आणि पुसायचं. पात्यावर निळसर-करडे डाग उठतात. मग तो चाकू लाकडी टेबलावर, शेजारी चामड्याचं पाकीट, पितळी पेन, घड्याळ, सगळं काटकोनात मांडून वरून फोटो. खाली हॅशटॅग ईडीसी, म्हणजे एव्हरीडे कॅरी, म्हणजे रोज खिशात असणाऱ्या वस्तू.

त्या डागांना पॅटिना म्हणतात. कैरी, लिंबू, कांदा, सफरचंद कापत राहिलं की त्यातलं आम्ल साध्या पोलादाला काळवंडवतं. तुमच्या आजीच्या विळीचं पातं काळं होतं ते यामुळेच. तिने त्याला काही नाव दिलं नव्हतं. चिंचेने घासून ते पांढरं करायची आणि दुसऱ्या दिवशी परत काळं व्हायचं. ज्या डागाला दोन उन्हाळ्यांच्या कैऱ्या लागतात, तो तुम्ही सॉसने एका दुपारी उठवलात. आयती फाटकी जीन्स विकत घेणाऱ्याला आपण हसतो. हे तेच आहे, फक्त जास्त महाग.

मी हे बाहेरून बोलत नाही. एकेकाळी माझ्या कपाटाच्या खणात चौदा चाकू होते. फ्रान्सचा ओपिनेल, स्वित्झर्लंडचा लाल व्हिक्टोरिनॉक्स, शेफील्डचा एक जुना, शिंगाच्या मुठीचा. एकालाही कधी भाकरीचा तुकडा लागला नव्हता. चाकूवाल्यांच्या इंग्रजीत अशा न वापरलेल्या वस्तूला ‘सेफ क्वीन’ म्हणतात, तिजोरीतली राणी. माझ्याकडे चौदा राण्या होत्या आणि पार्सल उघडायला मी घराची किल्ली वापरत होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. खिशातल्या चाकूला दोन जण मारतात. एक, त्याला बघून घाबरणारा. दोन, त्याला बघून हरखणारा. दोघांचंही एका बाबतीत एकमत आहे: ही कामाची वस्तू नाही.

जपानकडे बघा. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावात १८९० च्या दशकापासून ‘हिगोनोकामी’ नावाचा चाकू बनतो. पत्रा वाकवून केलेली मूठ, एक पातं, आणि पात्याच्या मागे आलेली छोटी शेपटी, तिला चिकिरी म्हणतात. स्प्रिंग नाही, खटका नाही. अंगठ्याने चिकिरी दाबून धरली तर पातं उघडं राहतं. दाब सोडून चुकीच्या बाजूने जोर लावलात, तर ते तुमच्याच बोटांवर मिटतं. चाकू कसा धरायचा हे तो चाकूच शिकवतो. जपानमधल्या काही पिढ्यांची पोरं हा खिशात घालून शाळेत जात होती. पेन्सिलीला टोक काढत होती, बांबू तासून खेळणी करत होती.

मग १२ ऑक्टोबर १९६० ला टोकियोत समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांचा भर सभेत, कॅमेऱ्यांसमोर खून झाला. मारेकरी सतरा वर्षांचा होता. त्याच्या हातात तलवारीच्या घराण्यातलं आखूड पातं होतं, पेन्सिल तासायचा चाकू नव्हे. पण घाबरलेल्या समाजाला एवढा फरक करायला वेळ नसतो. मुलांच्या हातात पातं नको अशी मोहीम देशभर उभी राहिली आणि पोरांच्या खिशातले हिगोनोकामी गेले. पेन्सिलीला शार्पनर आला होताच. मिकीतले कारखाने एकामागून एक बंद पडले. आज ते नाव अधिकाराने लावणारा एकच कारखाना उरलाय.

त्या एका कारखान्याचं गिऱ्हाईक आता कोण? बऱ्याच अंशी आपण. परदेशातले हौशी. ज्या वस्तूची किंमत पोराला खाऊच्या पैशांत परवडत होती ती आपण डबीत ठेवतो, आणि पितळेवर ओरखडा नको म्हणून मऊ कापडाने धरतो. मिकीतली भट्टी आपल्या पैशावर चालू आहे हे मला कळतं, आणि ते वाईट नाही. पण चाकूचं काम आपण चालू ठेवलेलं नाही. फक्त धंदा चालू ठेवलाय.

आता आपल्याकडचं. रामपुरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर सिनेमा येतो. ‘वक्त’ (१९६५) मधला राजकुमारचा चाकूवरचा संवाद ज्यांनी तो सिनेमा पाहिला नाही त्यांनाही पाठ आहे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचे हे कारागीर नवाबांच्या काळापासूनचे. त्यांच्या चाकूला हिंदी सिनेमाने गुंडाच्या हातात दिलं आणि तो तिथेच राहिला. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आणली. दुकानं कमी होत गेली, पोरं दुसऱ्या धंद्यात गेली. आणि २०२३ मध्ये त्याच रामपुरात एका चौकाचं नाव झालं चाकू चौराहा. मध्यभागी सुमारे वीस फुटी चाकूचा पुतळा उभा राहिला. लोक त्याच्यासमोर सेल्फी काढतात.

मला हा पुतळा आणि माझा तो कपाटातला खण यांत फारसा फरक दिसत नाही.

इथे पुण्यातला माणूस म्हणेल, तुमचं हे सगळं ठीक आहे, पण आमच्याकडे कोयता गँग आहे. बरोबर आहे. रात्री रस्त्यावर कोयते घेऊन गाड्या फोडणारी टोळकी या शहराने पाहिली आहेत आणि त्यांची भीती खोटी नाही. ती भीती बाळगणाऱ्या आईला मी पॅटिनाची गोष्ट सांगणार नाही. पण कोयता खिशात मावत नाही. तो शर्टात पाठीमागे खुपसून नेतात, कारण तो दिसावा, दहशत बसावी यासाठीच असतो. तीन इंचांचं, उघडायला दोन हात लागणारं, खटका नसलेलं पातं घेऊन कोणी दहशत बसवायला निघत नाही. ब्रिटनमध्ये सुरीहल्ल्यांचा प्रश्न आपल्यापेक्षा जुना आहे. तिथल्या १९८८ च्या कायद्याने हा फरक केला: ज्याचं पातं उघडल्यावर अडकून बसत नाही आणि धार तीन इंचांपेक्षा जास्त नाही, असा घडीचा चाकू विनाकारण खिशात असला तरी चालतो. हल्ला करायला तोही वापरता येतोच. पण फरक करायचा तर कुठेतरी रेघ ओढावी लागते, आणि त्यांनी ती ओढली.

आपल्याकडे रेघ आहे, पण ती वाऱ्यावर हलते. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्याची गोष्ट नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांना लागू होते, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या कामाची पाती वगळली आहेत. हे वाचून माझ्यासारखा खूश होतो. मग महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ वाचतो. त्याखाली पोलीस आयुक्तांना ठरावीक दिवसांसाठी तलवार, भाला, बंदूक यांच्याबरोबर चाकू, काठी, लाठी बाळगायलाही मनाई करता येते. सणावारी, मोर्चांच्या काळात असे आदेश निघतात. तेव्हा माझा चाकू घरी राहतो, तुमचाही राहू दे. पण काठी आणि चाकू दोन्ही मनाई असलेल्या शहरात कोणाला थांबवायचं हे पोलिसाच्या नजरेवर ठरतं. नजर काय बघते, हे मी एकदा बघितलं आहे.

एका मॉलच्या दारात. माझ्या खिशातला ओपिनेल मशीनवर वाजला. सिक्युरिटीवाल्या काकांनी तो हातात घेतला, लाकडी मूठ बघितली, म्हणाले, “छान आहे, बाहेरून आणलाय का सर?” मी म्हटलं फ्रान्सचा आहे. त्यांनी तो खणात ठेवला आणि टोकन दिलं. माझ्या मागे एक विशीतला पोरगा होता, खांद्याला कळकट पिशवी, आत कुठल्याशा दुकानाचं वायरिंग करायला आलेला. त्याच्या पिशवीत वायर सोलायची सुरी निघाली. दोरा गुंडाळलेल्या मुठीची, माझ्या चाकूपेक्षा आखूड पात्याची. “हे काय घेऊन फिरतोस रे?” पिशवी पालथी करायला लावली. आधार कार्ड मागितलं. ठेकेदाराला फोन लावला तेव्हा कुठे आत सोडलं.

मी तिथे उभा होतो. टोकन हातात होतं. मी काही बोललो नाही.

त्या दोघांमध्ये रोज, कामासाठी, खऱ्या अर्थाने चाकू बाळगणारा तो होता. त्याच्या पात्यावरचे डाग खरे होते. ‘सर’ मात्र मी झालो. आपल्या छंदाला धोका आहे म्हणून ग्रुपवर गळा काढणाऱ्या कोणालाही मी या पोराबद्दल बोलताना ऐकलेलं नाही. आपली तक्रार एवढीच असते की कस्टमने पार्सल अडवलं.

आणि काही जण तर उघड नुकसान करतात. ‘टॅक्टिकल’ हा शब्द लावून, काळं पातं घेऊन, मनगटाच्या झटक्याने चाकू उघडायच्या रील टाकणारे. सेल्फ डिफेन्ससाठी ठेवतो म्हणणारे. बाबांनो, चाकू काढलात की भांडणाचा खून होतो, आणि बऱ्याचदा पातं तुमच्याच हातातून हिसकावून घेतलं जातं. हातापायीची भीती असेल तर पळा. तुमची ती एक रील शंभर सिक्युरिटीवाल्यांना शिकवते की खिशातला चाकू म्हणजे काय. त्याचं बिल वायरमन भरतो.

संग्रहच करू नये असं मी म्हणत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचं दालन बघा. मोर, घोडा, नर्तकी, जोडपी, पितळेत आणि लोखंडात. अडकित्ताही कनवटीची, चंचीतली वस्तू. केळकरांनी त्या गोळा केल्या नसत्या तर त्या मोडीत गेल्या असत्या. पण त्या वस्तूंना जवळून बघितलं की कळतं, कित्येकांची धार घासून घासून आत गेली आहे. कोणीतरी हजारो सुपाऱ्या कातरल्या, मग ते संग्रहात आलं. आपण उलटं करतो. आधी संग्रह, आणि सुपारी कधीच नाही.

माझे चौदातले अकरा चाकू मी वाटून टाकले. दोन ट्रेकच्या मित्रांना, एक भाजी चिरायला मावशीला, बाकी मागणाऱ्यांना. अट एकच होती, वापरायचा. मावशीने शेफील्डचा घेतला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने नारळाच्या डोळ्यात छिद्र पाडायला जाऊन टोक मोडलं. माझ्या पोटात खड्डा पडला, खोटं कशाला बोलू. तिने सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडून तो घासून घेतला. त्याने टोक गोल करून दिलं, वर तिला म्हणाला, “आता नाही मोडायचा.” वीस रुपये घेतले.

मी गेलो की ती त्याच चाकूने मला पेरू कापून देते. पातं अर्धा इंच आखूड झालंय, काळं पडलंय. पेरूच्या फोडीला किंचित लोखंडाची चव लागते.