मटणातली पपई आणि मावशींचा दम



रविवारच्या बुद्धवंदनेला आमच्या विहारात एक मावशी न चुकता येतात. विहार पहिल्या मजल्यावर. जिना चढताना त्या दोनदा थांबतात, कठडा धरतात आणि ओठ चंबूसारखे करून श्वास सोडतात. सकाळी खोकला आणि कफ. विचारले तर म्हणतात, "वय झालं, बाबा." वय अवघे साठ! विडीला कधी हात लावला नाही. पण गावी गोवऱ्या आणि तुराट्या, शहरात आल्यावर भुश्याची शेगडी, अशी चाळीस वर्षे त्यांनी धुरात काढली.

या दम लागण्यामागे शरीरात काय घडते, ते आपल्या स्वयंपाकघरातूनच समजून घेऊ. मटण जून निघाले की भगिनी त्यात कच्च्या पपईचा तुकडा टाकतात आणि मटण लवकर मऊ होते. पपईच्या चिकात पपेन नावाचे विकर असते. विकर म्हणजे एन्झाइम. हे विकर मांसातले धागे तोडते. १९६४ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी हेच पपेन उंदरांच्या फुप्फुसात सोडून पाहिले. तेव्हा हवेच्या बारीक फुग्यांच्या, म्हणजे वायुकोशांच्या, भिंती फाटल्या आणि अनेक लहान फुग्यांचे मिळून मोठे ढिले फुगे झाले. या विकाराला एम्फिसिमा म्हणतात.

आता माणसाच्या छातीत पपई कोण टाकतो? आपणच! आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल नावाचे पहारेकरी असतात. शरीर ते रोज सुमारे १०,००० कोटी तयार करते. त्यांच्या पोटातील बारीक कणांत इलॅस्टेज नावाचे विकर भरलेले असते. जंतू आला की त्याला गिळायचे आणि या विकराने फाडायचे, हे त्यांचे काम. पण इलॅस्टेजला जंतू कोणता आणि घर कोणते हे कळत नाही. फुप्फुसाला ताण देणारे इलॅस्टिन नावाचे धागेही ते तोडते. मोठेपणी हे धागे जवळजवळ नव्याने तयार होत नाहीत.

म्हणून निसर्गाने पहारेकऱ्यावरही पहारा ठेवला आहे. यकृतात तयार होणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन नावाचे प्रथिन रक्तातून फुप्फुसात येते आणि मोकाट इलॅस्टेजला जखडून टाकते. १९६३ मध्ये स्वीडनमधील माल्मो येथे लॉरेल आणि एरिक्सन यांनी सुमारे १,५०० रक्तनमुने पाहिले. पाच जणांत हे प्रथिन जवळपास नव्हतेच, आणि त्या पाचांपैकी तिघांना एम्फिसिमा होता. एवढ्या छोट्या नोंदीतून केवढे कोडे सुटले!

हा जन्मजात दोष विरळा. आपल्या वस्तीत खरा गुन्हेगार धूर. तो दुहेरी घात करतो. रोज नव्या पहारेकऱ्यांना फुप्फुसात बोलावून आणतो आणि विडी-सिगारेटचा धूर तर त्या जखडणाऱ्या प्रथिनालाच निकामी करतो. शिवाय हेच इलॅस्टेज श्वासनळ्यांतील कफाच्या ग्रंथींना डिवचते. विडीने वायुकोश अधिक फाटतात, चुलीच्या धुराने नळ्यांची सूज अधिक असते. डॉक्टर दोन्हीला सीओपीडी म्हणतात. पोराच्या चड्डीचे जुने इलॅस्टिक जसे परत आवळत नाही, तसे फुप्फुस आवळत नाही आणि आतली हवा आतच अडकते. मावशी ओठ चंबू करतात तो हवा बाहेर काढण्याचा शरीराचा शहाणपणा आहे.

तेव्हा हे वय नव्हे आणि कोणाची करणीही नव्हे. दुःखाला कारण असते, हे तथागतांनी आपल्याला शिकवले. मग दम लागण्यालाच अंगारा कशाला? फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्यावी. पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडायचा. औषध घेतल्यावरही पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी हवा बाहेर आली, तर नळ्या अडल्या असे समजतात. फाटलेल्या भिंती परत सांधत नाहीत. पण धूर थांबला तर पुढची झीज मंदावते आणि पंपाने दम हलका होतो. "पंपाची सवय लागते" हा गैरसमज आहे. पंपात स्टेरॉइड असेल तर ओढून झाल्यावर चूळ भरावी, एवढेच पथ्य.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ब्रेन्सोकॅटिब या गोळीला मंजुरी मिळाली. न्यूट्रोफिल तयार होतानाच त्यांतील ही विकरे सज्ज होऊ न देण्याचे काम ती करते. ती श्वासनळ्या कायमच्या रुंदावण्याच्या, क्षयानंतरही होणाऱ्या आजारासाठी आहे, मावशींच्या आजारासाठी नव्हे. पण दिशा कळते.

एक गोष्ट काहींना रुचणार नाही, तरी लिहितो. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींएवढी बारीक धूळ हवेत सोडते, असे २००३ साली मोजले गेले आहे. मच्छरदाणी बरी. आणि विहारातही खिडक्या लावून अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवायचे कारण नाही. फुले आहेत, मेणबत्ती आहे.

मावशींना त्यांच्या मुलाने सरकारी रुग्णालयात नेले, तपासणी झाली, पंप मिळाला. घरी गॅसही आहे. पण सिलिंडर पुरवायचा म्हणून आंघोळीचे पाणी अजून दारातल्या चुलीवरच तापते आणि ती चूल पहाटे उठून मावशीच फुंकतात. मुलाला सांगितले आहे. येत्या रविवारी पुन्हा विचारणार आहे.