दोन वर्षं कुठे होतास?

नागापूर एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये माणसं घेण्याचं काम मी पाहतो. गाड्यांचे सुटे भाग टर्निंग-मिलिंग करून देणारं लहान युनिट आहे, त्यामुळे मुलाखतीच्या तीन-तीन फेऱ्यांची चैन आमच्याकडे नाही. मी, सुपरवायझर आणि टेबलावर एक व्हर्निअर, एवढंच आमचं मुलाखत मंडळ. मुलगा पाथर्डीचा असो, कर्जतचा असो की राहुरीचा, त्याच्या बायोडाटात हल्ली एकही रिकामा महिना सापडत नाही. आयटीआय २०१९ ला झालं आणि तेव्हापासून नोकरी सलग. एप्रिल २०२० मध्ये अख्खा देश दाराला कडी लावून बसला होता, पण हा गडी तेव्हाही चाकणला सीएनसी चालवत होता म्हणे!

ही सलगता येते कुठून, ते नगरात सगळ्यांना ठाऊक आहे. (जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण एसटीत बसल्यावर तिकीट मागताना तोंडात अजून नगरच येतं.) ओळखीतल्या कोणाचं तरी वर्कशॉप असतं, त्याचं लेटरहेड असतं, त्यावर दोन ओळी टाइप केल्या की झाला अनुभवाचा दाखला. पोरांना मी फार दोष देत नाही. गेटवरच्या बोर्डावर ‘किमान २ वर्षे अनुभव’ असं लिहून ठेवणारे आम्हीच. नवशिक्याला कोणी दारात उभं करत नाही, मग तो अनुभव आणणार कुठून?

तरीही गॅप असेल तर तो तोंडावर सांगून मोकळं व्हावं, असं मला वाटतं. सत्यमेव जयते म्हणून नव्हे. मशीनसमोर खोटं टिकत नाही, म्हणून.

मी एकच प्रश्न विचारतो. ओडी, म्हणजे जॉबचा बाहेरचा व्यास, पंचवीसचा हवाय, येतोय पंचवीस पॉइंट शून्य तीन. काय करशील? काम केलेला मुलगा म्हणतो, आधी इन्सर्ट बघीन, झिजला नसेल तर एक्सच्या वेअर ऑफसेटला मायनस तीस मायक्रॉन टाकीन. दाखला विकत आणलेला मुलगा भाषण सुरू करतो. त्यात फॅनुक येतं, सीमेन्स येतं, ‘क्वालिटी’ हा शब्द चारदा येतो, ऑफसेट मात्र येत नाही. एकदा मात्र शेवगावकडच्या एका मुलाने वेगळंच उत्तर दिलं.

‘सेटरला बोलवीन सर.’

‘का रे? दोन वर्षं ऑपरेटर होतास ना?’

‘होतो. पण जॉब लावायचा, सायकल स्टार्ट दाबायचं, जॉब काढायचा. ऑफसेटला हात लावू देत नव्हते आम्हाला.’

सुपरवायझरने तिथल्या तिथे मान डोलावली. त्याला रात्रपाळीला असाच माणूस हवा असतो. येत नसलेल्या गोष्टीला हात न लावणारा माणूस रात्री दोन वाजता लाखमोलाचा असतो. कारण ऑफसेटमध्ये मायनसच्या जागी प्लस पडला की सकाळपर्यंत ट्रे भरून माल रिजेक्ट होतो आणि टूल चकवर आदळलं तर स्पिंडलच्या दुरुस्तीचा खर्च त्या पोराच्या वर्षभराच्या पगारात बसत नाही. त्या मुलाला आम्ही घेतला. ‘सेटिंग येत नाही’ हे त्याने सांगितलं, म्हणून ते शिकवायचं आहे हे आम्हाला कळलं. ‘सगळं येतं’ म्हणणाऱ्याला शिकवायची सोयच नसते.

हा झाला कामातला गॅप. दुसरा गॅप वर्षांचा. तो आमच्या जिल्ह्यात बहुतेक वेळा स्पर्धा परीक्षेचा असतो. चार-पाच वर्षं पुण्यात किंवा सावेडीतल्या अभ्यासिकेत काढून पोरगं परत येतं आणि मुलाखतीत मान खाली घालून म्हणतं, ‘घरीच होतो.’ अरे, घरी कुठे होतास? २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. त्याआधी मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली आणि पोरं पुण्यात रस्त्यावर उतरली. त्याच वर्षी आरोग्य विभागाची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली, पुढे घेतली तर पेपर फुटला. या सगळ्यात गेलेली वर्षं त्या पोराच्या आळसाच्या खात्यावर कशी काय टाकायची? त्याने सरळ म्हणावं, २०१९ ते २०२३ एमपीएससी केली, दोनदा पूर्व निघाली, मुख्य निघाली नाही, आता तो नाद सोडला आहे. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मालकाला गॅपची भीती नसते, जाहिरात निघाली की हा पुन्हा पळेल याची भीती असते. तिचं उत्तर आधीच देऊन टाकलं की पुढचं बोलणं कामाचं होतं. आणि नाद सुटला नसेल तर तेही सांगावं. एक वर्ष टिकणारा माणूसही आम्हाला पुष्कळदा चालतो.

पाथर्डी-जामखेडकडच्या काही मुलांचा गॅप ऊसतोडीचा असतो. बापाने मुकादमाकडून उचल घेतलेली, आई आजारी पडली, दोघांचा कोयता पुरा करायला पोरगं गेलं. बायोडाटात तो हंगाम ‘खासगी नोकरी’ म्हणून लपवलेला सापडतो. पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधून ट्रॅक्टर भरलेल्या माणसाला मी आठ तासांच्या शिफ्टबद्दल काय विचारणार! हे लपवायचं नसतं रे बाबा, वर लिहायचं असतं.

आता कटू गोष्ट. मुलं खोटं बोलतात त्यामागे एक हिशेब असतो आणि तो पुष्कळदा बरोबर असतो. मुलाने गॅप कबूल केला की समोरचा लगेच म्हणतो, ‘मग बारा हजारावर ये, पुढे बघू.’ तेच काम, तीच मशीन, तीच पाळी. फक्त खरं बोलला म्हणून पगार कमी. गॅपमुळे हात बसायला वेळ लागणार असेल तर महिनाभर ट्रायल घ्या, काम पाहा आणि मग त्या कामाचा जो दर चालू आहे तो द्या. पण गॅप ऐकल्याबरोबर घासाघीस करणारा मालक पुढच्या दहा पोरांना खोटं बोलायला शिकवत असतो. संध्याकाळी चहाच्या टपरीवर ही बातमी पोचायला वेळ लागत नाही.

आणि खरं सांगावं याचा अर्थ सगळं सांगावं असा नाही. पारनेरच्या एक ताई क्वालिटी इन्स्पेक्शनसाठी आल्या होत्या. मायक्रोमीटर हातात घेतल्यावरच कळलं की बाईंनी काम केलेलं आहे. मधली सहा वर्षं कोरी. त्या म्हणाल्या, ‘लग्नानंतर सोडलं होतं, आता मुलगी शाळेत जाते.’ त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी लगेच विचारलं, ‘आणि दुसऱ्याचा विचार?’ असला प्रश्न विचारण्याचा कोणालाही अधिकार नाही आणि उत्तर देण्याची त्यांच्यावर सक्तीही नाही. आजारपण, घरातली भांडणं, मोडलेलं लग्न हे मुलाखतीच्या टेबलावर मांडायची गरज नसते. ‘घरगुती कारण होतं, ते आता मिटलं आहे’ इतकं पुरे. न सांगणं वेगळं आणि चाकणची कंपनी रचून सांगणं वेगळं. शिवाय रचलेली कंपनी आता फार काळ लपतही नाही. २०१४ पासून पीएफला यूएएन हा कायमचा क्रमांक आला, त्यात कुठल्या कंपनीत कधी लागला आणि कधी सोडलं याची नोंद राहते.

पण या यूएएननेच एक उलटा घोळही केला आहे. पीएफचा कायदा साधारणपणे वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागतो. आमच्या एमआयडीसीत दहा-बारा माणसांच्या शेडी किती तरी आहेत. तिथे तीन वर्षं घाम गाळलेल्या पोराची ऑनलाइन नोंद शून्य, पगार हातात, दाखला नाही. खरा अनुभव असून कागदावर हा बेकार! २०२४ पासूनच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला सहा, आयटीआय-पदविकाधारकाला आठ आणि पदवीधराला दहा हजार रुपये महिना मिळून वर प्रमाणपत्रही मिळतं. शेडमधल्या पोराला तेवढाही कागद नाही. तो खोटं लेटरहेड शोधायला निघतो तेव्हा खरं तर स्वतःचाच खरा अनुभव विकत घ्यायला निघालेला असतो.

म्हणून शेडवाल्या मालकांना माझं सांगणं आहे की पोरगं सोडून जाताना एक पान लिहून द्या. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत होता, कोणती मशीन चालवली, सेटिंग करत होता की फक्त लोडिंग, आणि खाली तुमचा मोबाइल नंबर. फोन आला तर उचला. बहुतेक मालकांना वाटतं, दाखला दिला की पोरगं उद्या लेबर कोर्टात जाईल. ज्याला जायचं तो दाखल्याशिवायही जातो.