इसब समजून सहा वर्षे



आज आमच्या नात्यातल्या एका खालांची हकिकत सांगतो. ती लिहायला त्यांनीच सांगितले. "माझे नाव घालू नका, पण लिहा जरूर," असे म्हणाल्या.

खालांच्या कमरेखाली आणि मांडीवर चट्टे होते. तांबूस, कोरडे, वरून बारीक पापुद्रा सुटणारे. खाज कधी असे, कधी नसे. मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणायची, आठ दिवस लावायची, चट्टा फिका पडायचा आणि महिन्याभरात परत यायचा. आधी गजकर्ण म्हणून औषध झाले, मग इसब म्हणून, मग सोरायसिस म्हणून. डॉक्टर म्हणाले, "दाखवा," तर खाला तोंडानेच वर्णन करायच्या. जागा अशी की दाखवायची लाज. अशी सहा वर्षे गेली.

एक चट्टा जाड होऊन कपड्याला घासू लागला तेव्हा सुनेच्या लक्षात आले. "अम्मी, आपण बाई डॉक्टरांकडे जाऊ, मी आत तुमच्याजवळ थांबते," असे म्हणून ती त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. पहिल्या वेळी काही ठरले नाही. मग त्यांनी सगळी मलमे तीन आठवडे बंद करायला लावली आणि दोन ठिकाणचे तुकडे पुन्हा पाठवले. तेव्हा आजाराचे नाव कळले: मायकोसिस फंगॉइडिस. हा त्वचेतला टी-पेशींचा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर.

घरात रडारड झाली. पण आम्ही जसजशी माहिती घेत गेलो तसतसे कळले की, हा शब्द ऐकून आपण जे समजतो तसे इथे नेहमी नसते.

आपल्या रक्तात रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या काहींना बी-पेशी म्हणतात, काहींना टी-पेशी. या पेशी बिघडून बेसुमार वाढू लागल्या की लिम्फोमा होतो. हॉजकिन नावाचा प्रकार वगळला तर 100 लिम्फोमांपैकी साधारण 10 ते 15 टी-पेशींचे असतात, आणि त्यांतही अनेक जाती आहेत. काही जाती गाठींमधून सुरू होऊन वेगाने पसरतात. मायकोसिस फंगॉइडिस त्वचेत राहतो आणि बहुधा फार सावकाश चालतो. 1806 साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातले डॉक्टर ज्याँ-लुई आलिबेर यांनी त्याचे वर्णन केले. त्यांच्या रोग्याच्या अंगावरच्या गाठी अळंबीसारख्या दिसत होत्या, त्यावरून पुढे हे नाव पडले. बुरशीशी त्याचा काही संबंध नाही. तो स्पर्शाने लागत नाही. रोग्याचे ताट, चादर, जानमाज वेगळी करायचे कारण नाही.

मग ओळखायला इतकी वर्षे का लागतात? एक तर सुरुवातीचा चट्टा इसबासारखाच दिसतो. दुसरे, स्टिरॉइड असलेल्या मलमाने तो तात्पुरता दबतो, आणि असे मलम लावलेल्या कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीही फसवतो. तिसरे कारण आपल्या घरांना जास्त लागू आहे. हे चट्टे बहुतेक वेळा ऊन न लागणाऱ्या, झाकलेल्या जागी येतात: कमरेखाली, कुल्ल्यांवर, मांड्यांवर, छातीवर, काखेजवळ. हीच जागा आपल्या बायका, आणि खरे तर पुरुषही, कोणाला दाखवत नाहीत.

सावळ्या रंगाच्या लोकांत, विशेषतः मुलांत आणि तरुणांत, हे चट्टे लाल न दिसता फिकट पांढुरके दिसू शकतात. मग कोड समजले जाते, किंवा कुष्ठरोगाची शंका येते. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, याचा सहसा नसतो. पण हा फरक घरी पाहून निर्णय करू नये. ते काम डॉक्टरांचे. मुलीच्या अंगावर असा डाग दिसला की निकाहाच्या काळजीने तो लपवण्याकडे कल असतो. लपवल्याने डाग जात नाही, फक्त निदान लांबते.

आता उपचार. आजार चट्ट्यांपुरता असेल तर इलाजही बहुधा कातडीपुरताच असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली जोरदार मलम, किंवा प्रकाशाचा उपचार. कपाटासारख्या पेटीत उभे राहून आठवड्यातून दोन-तीन वेळा अतिनील किरण घ्यायचे. यासाठी कपडे उतरवावे लागतात. बाई कर्मचारी असावी असे आधीच सांगितले तर बहुतेक ठिकाणी सोय करून देतात.

या उपचाराच्या एका प्रकाराचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. तेराव्या शतकातले हकीम इब्न अल्-बैतार यांनी कोडासाठी आत्रिलाल ही वनस्पती आणि ऊन असा इलाज लिहून ठेवला होता. 1940 च्या दशकात कैरोमध्ये त्याच वनस्पतीतून सोरालेन जातीचे द्रव्य वेगळे काढले गेले, आणि 1976 पासून सोरालेनची गोळी अधिक किरण असा इलाज या लिम्फोमासाठीही होऊ लागला. आपल्याकडच्या बावचीतही सोरालेन असते. मात्र म्हणून कोणी घरी बावची लावून उन्हात बसू नये. कातडी भाजते, फोड येतात.

ही गोळी किरणांच्या साधारण दोन तास आधी, थोडे खाऊन घ्यायची असते. त्यामुळे रमजानआधीच डॉक्टरांशी बोलावे. गोळी न लागणारा, नॅरो-बँड नावाचा प्रकाशोपचारही आहे. खाला तोच घेतात.

आमच्या घरात पहिला प्रश्न होता: "किमो कधी सुरू करायची?" डॉक्टर म्हणाल्या, आत्ता नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने 103 रोग्यांवर केलेला अभ्यास 1989 साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना सुरुवातीलाच किमो आणि सर्वांगाला किरणोत्सर्ग दिला, अर्ध्यांना पायरीपायरीने सौम्य उपचार. पहिल्या गटाचे चट्टे जास्त गेले, पण त्रासही जास्त झाला, आणि आयुष्य काही वाढले नाही. चट्टे थोड्या जागेपुरते असताना सापडलेल्या रोग्यांचे आयुर्मान इतरांच्या जवळपास असते. आजार मुळासकट जाईलच असे नाही. तो मधुमेहासारखा सांभाळावा लागतो.

काहींमध्ये तो पुढे सरकतो. चट्टे जाड होतात, गाठी येतात. क्वचित सारे अंग लाल होऊन बिघडलेल्या पेशी रक्तात दिसतात, त्याला सेझारी सिंड्रोम म्हणतात. तेव्हा सर्वांगाला इलेक्ट्रॉन किरण, मेथोट्रेक्सेट, इंटरफेरॉन, आणि ब्रेंटुक्सिमॅब किंवा मोगामुलिझुमॅबसारखी नवी औषधे असे पर्याय असतात. नवी औषधे महाग आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. मुंबईत परळचे टाटा रुग्णालय आहे, आणि तुकड्याची काच दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवून मत घेणे हा रोग्याचा हक्क आहे.

एक गोष्ट वेगळी ध्यानात ठेवावी. मानेत, काखेत, जांघेत न दुखणारी गाठ वाढत असेल, सोबत ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, वजन घटणे असेल, तर तिथे वाट पाहायची नाही. वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमाला किमो लवकर लागते. अशी गाठ टीबीचीही असू शकते, पण तुकडा न तपासता टीबीचे औषध सुरू करून महिने घालवू नयेत.

म्हणून आमची विनंती एवढीच. कोणताही चट्टा दोन-तीन महिन्यांत जात नसेल, किंवा मलम थांबवताच परत येत असेल, तर मेडिकलवरून पुढची ट्यूब आणू नका. त्वचारोगतज्ज्ञांना सगळ्या जागा दाखवा. लावलेल्या ट्यूबांची खोकी सोबत न्या. "तुकडा तपासायला हवा का?" हे स्वतःहून विचारा. पहिल्यांदा काही निघाले नाही तरी चट्टा राहिला तर पुन्हा जा.

खालांचे चट्टे आता बरेच फिके झाले आहेत. मंगळवार आणि शुक्रवारी सून त्यांना सकाळच्या एस.टी.ने घेऊन जाते, जुम्याच्या जेवणाआधी दोघी परत येतात. मागच्या महिन्यात त्यांनी शेजारच्या एका मुलीला सोबत नेले. तिच्या पाठीवर वर्षभर एक पांढरा डाग होता. तो साधा निघाला, मलमाने गेला. अल्लाह सर्व आजारी माणसांना शिफा देवो.