गोडाचे माप घरच्या हाती

रोज एक सफरचंद खाल्ले की डॉक्टरची गरज पडत नाही, अशा आशयाची इंग्रजी म्हण आपल्याकडेही सर्वतोमुखी झाली आहे. २०१५ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी तिची गंभीरपणे तपासणी केली. आठ हजारांहून अधिक प्रौढांची माहिती पडताळून त्यांनी पाहिले, की रोज सफरचंद खाणाऱ्यांचे डॉक्टरांकडे जाणे खरोखर कमी होते काय? शिक्षण, उत्पन्न, धूम्रपान इत्यादी बाबींचा हिशेब लावल्यावर तसा फरक उरला नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे मात्र सफरचंद खाणाऱ्यांना किंचित कमी लागत होती. तात्पर्य, सफरचंद हे चांगले फळ आहे; ते औषध नव्हे.

हे प्रारंभीच सांगण्याचे कारण असे, की फळाची ही पुण्याई त्या फळाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पदार्थाला आपण बहाल करतो. सफरचंदाचा रस, जॅम, केक, पाय अशा प्रत्येक पदार्थासमोर ‘फळच तर आहे’ हे वाक्य उच्चारले जाते आणि विवेक बाजूला सरतो. याउलट काही घरांत गोड पदार्थाचे नावही काढण्याची चोरी असते. या दोन टोकांच्या मधली वाट दाखवावी, या हेतूने आज सफरचंदाचा एक भाजलेला गोड पदार्थ निवडला आहे.

प्रथम फळाकडे पाहू. सालीसह १०० ग्रॅम सफरचंदात सुमारे ५२ कॅलरी, १० ग्रॅम नैसर्गिक शर्करा आणि अडीच ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. त्यांतील पेक्टिन हा पाण्यात विरघळणारा तंतू पचनाचा वेग मंदावतो. १९७७ साली ब्रिटनमध्ये हीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० निरोगी व्यक्तींना सफरचंद तीन रूपांत दिले: अखंड फळ, गर आणि रस. तिन्हींतील कर्बोदके समान होती. तरीही अखंड फळाने पोट अधिक भरले, गराने त्याहून कमी आणि रसाने सर्वांत कमी. रसानंतर इन्सुलिन अधिक स्रवले आणि रक्तशर्करा पुढे झपाट्याने खालीही गेली. स्वयंपाकघरासाठी यातून निघणारा बोध साधा आहे: फळ शिजवावे, पण गाळू नये, साल शक्यतो राखावी, तुकडे मोठे ठेवावे.

आता या विषयाची दुसरी बाजू. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याचा अर्थ, सणासुदीच्या पंगतीत मधुमेही व्यक्ती नाही असे घर आता विरळाच. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबात घरातील आजोबांसाठी गोड संपूर्ण बंद करण्यात आले होते. डबे उंच फळीवर गेले, नातवंडांच्या वाढदिवसाला आजोबांच्या ताटलीत काकडीचे काप आले. शर्करा मात्र उतरेना. औषधे वाढवली, तरी आकडे तेच. शेवटी एकांतात विचारल्यावर त्यांनी शांतपणे सांगितले, की संध्याकाळच्या फेरफटक्यात ते रोज कोपऱ्यावरच्या दुकानात दोन जिलब्या खातात. ‘डॉक्टर, घरात मागायची लाज वाटते हो,’ हे त्यांचे शब्द. बंदीने गोड थांबले नव्हते. ते केवळ आमच्या नजरेआड गेले होते, आणि त्या न दिसणाऱ्या गोडावर मी गोळ्या वाढवीत होते. पुढे त्या घराने रविवारी दुपारी सर्वांसाठी एकच, मोजून केलेला गोड पदार्थ असा प्रघात पाडला. आजोबांची वाटी लहान असे, पण पदार्थ तोच. जिलबी हळूहळू सुटली आणि गोळ्यांची मात्रा कमी करता आली.

त्या प्रघातासाठी मी सुचवते तो पदार्थ म्हणजे ॲपल क्रम्बल. खाली सफरचंदाचे तुकडे आणि वर पीठ-लोण्याचा खुसखुशीत चुरा, एवढेच त्याचे स्वरूप. आपल्या नानकटाईचा चुरा फळावर पसरावा, तसा. हा पदार्थ ब्रिटनचा, आणि तो घरोघरी लोकप्रिय झाला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. जानेवारी १९४० पासून तेथे लोणी आणि साखर शिधापत्रिकेवर मिळू लागली. पायसाठी लागणारे पिठाचे जाड कवच परवडेना, तेव्हा थोडक्या पिठात आणि चरबीत भागणारा हा चुरा गृहिणींच्या कामी आला. काटकसर त्याच्या स्वभावातच आहे. आज आपण साखर कमी घातली तर त्याच्याशी विसंगत असे काही करत नाही.

आपल्याला एक अनुकूलताही आहे. ब्रिटनमध्ये भाजण्यासाठी वापरतात ते ब्रॅम्ली सफरचंद आंबट असते. म्हणून तेथे साखर सढळ हाताने घालावी लागते. आपल्या बाजारात येणारी सफरचंदे बहुतांशी ‘डेलिशस’ कुळातील, मुळातच गोड. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकी गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हिमाचलातील कोटगड परिसरात ही जात लावली आणि तेथील डोंगराळ शेतीचे रूपच पालटले. जुलै-ऑगस्टपासून हिमाचलचा आणि त्यामागोमाग काश्मीरचा ताजा माल आपल्याकडे येतो. या गोड फळाला साखरेपेक्षा आंबटपणाची जोड हवी असते. ते काम लिंबू करते.

सहा जणांसाठी प्रमाण असे: मध्यम आकाराची चार-पाच सफरचंदे (बिया व गाभा काढून सुमारे ६०० ग्रॅम), एका लिंबाचा रस, दालचिनीची पूड एक लहान चमचा, ओट्स ६० ग्रॅम, कणीक ६० ग्रॅम, गार लोणी ५० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, अक्रोडाचे बारीक तुकडे ३० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. घरात लहान वजनकाटा असल्यास तोच वापरावा; ‘अंदाजे’ हा शब्द साखरेच्या बाबतीत नेहमी एकाच दिशेला झुकतो.

सफरचंदे कोमट पाण्यात चोळून धुवावीत आणि सालीसह मोठ्या फोडी कराव्यात. चिरल्यावर फळ काळवंडते, ते त्यातील एका विकराचा हवेशी संबंध आल्यामुळे. लिंबाचा रस लगेच लावल्यास ही क्रिया मंदावते. फोडींना दालचिनी लावून ओव्हनमध्ये चालणाऱ्या काचेच्या भांड्यात पसराव्यात. कणीक, ओट्स, साखर व मीठ एकत्र करून त्यात लोणी बोटांच्या टोकांनी चोळावे. गोळा होऊ देऊ नये; रवाळ चुरा हवा. त्यात अक्रोड मिसळून तो फोडींवर न दाबता पसरावा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर ३५ ते ४० मिनिटे, वरचा थर बदामी होऊन कडेने रस खदखदेपर्यंत भाजावे. ओव्हन नसल्यास फोडी झाकणाच्या पातेल्यात मंद आचेवर मऊ कराव्यात, चुरा जाड बुडाच्या कढईत सतत हलवत बदामी परतावा आणि वाढताना वरून घालावा. चव फारशी उणी होत नाही.

आता हिशेब. साखर ३० ग्रॅम, वाटे सहा. म्हणजे प्रत्येकी ५ ग्रॅम, चहाच्या सपाट चमच्याहून किंचित अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, मध, फळांचा रस इत्यादींतून येणारी शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, शक्य तर ५ टक्क्यांच्या आत असावी. २,००० कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. त्या मापाने हा वाटा माफक आहे. परदेशी पाककृतींत एवढ्याच फळाला १०० ग्रॅमच्या आसपास साखर सहज आढळते.

परंतु येथे थांबलो तर हिशेब अर्धवट राहील. फळ, ओट्स, कणीक आणि साखर मिळून एका वाट्यात सुमारे ३३ ग्रॅम कर्बोदके आणि २४० च्या आसपास कॅलरी असतात. साधारण २५ ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात कर्बोदके १८ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे हा पूर्ण वाटा जवळजवळ दोन फुलक्यांच्या बरोबरीचा झाला. मधुमेही व्यक्तीसाठी नियम यातूनच ठरतो: अर्धा वाटा घ्यावा आणि त्या जेवणातला एक फुलका वजा करावा. जेवणाव्यतिरिक्त, संध्याकाळच्या चहासोबत असा वाटा घेणे योग्य नव्हे. भाजी, डाळ, कोशिंबीर झाल्यावर तो शेवटी घ्यावा, नंतर १०-१५ मिनिटे चालावे. ग्लुकोमीटर असल्यास दोन तासांनी एकदा शर्करा पाहावी. आपल्या शरीराचे उत्तर त्यातून कळते, आणि ते कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक विश्वसनीय असते.

औषधांविषयी एक गंभीर सूचना. गोड खायचे म्हणून आधीचे जेवण टाळणे किंवा स्वतःच्या मनाने गोळी अथवा इन्सुलिन वाढवणे, हे दोन्ही धोक्याचे आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची शर्करा त्यामुळे अचानक उतरू शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही तिची लक्षणे. अशा वेळी क्रम्बलची वाटी पुढे करू नये. त्यातील लोण्यामुळे शर्करा रक्तात सावकाश पोहोचते. रुग्ण शुद्धीवर व गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे.

पर्यायांविषयी नेहमी विचारणा होते. साखरेऐवजी गूळ घातला तर? चव वेगळी येईल. परंतु गुळाचाही बहुतांश भाग साखरच आहे, म्हणून मात्रा तीच ठेवावी. मधाचेही तेच, आणि एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. ॲस्पार्टेमसारखी कृत्रिम गोडी भट्टीच्या उष्णतेत टिकत नाही. लोण्याऐवजी वनस्पती तूप नको. बाजारातील तेल-तुपांत ट्रान्स फॅटचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन जानेवारी २०२२ पासून आहे, ही चांगली गोष्ट. तरीही घरच्या भांड्यात काय पडते हे निवडण्याची मुभा असताना ते टाळणेच इष्ट. लोण्यातील संपृक्त चरबी एका वाट्याला सुमारे ४ ग्रॅम येते; हृदयविकार असलेल्यांनी तीही जमेस धरावी. दालचिनी सुगंधासाठी आहे. तिने मधुमेह बरा होत नाही, म्हणून पूड चमच्याने फाकण्याचा हट्ट सोडावा.

लहानांसाठी थोडी वेगळी दक्षता. कच्च्या सफरचंदाची कडक फोड चार वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकते. शिजलेली मऊ फोड त्या मानाने सुरक्षित. पाच वर्षांखालील मुलांच्या वाट्यात अक्रोडाची पूड करूनच घालावी, आणि दोन वर्षांखालील बाळाला साखरेविना शिजवलेले सफरचंदच पुरे. दात गेलेल्या वृद्धांना कच्चे फळ चावत नाही. त्यांच्यासाठी भाजलेले फळ ही सोयच आहे.

ओव्हनमधून काढलेला रस बराच वेळ कढत राहतो, म्हणून वाढण्यापूर्वी किमान १५ मिनिटे थांबावे आणि भांडे मुलांच्या हाती लागणार नाही असे आत सरकवून ठेवावे. भाजलेच, तर ती जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावी. टूथपेस्ट, बर्फ, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. चेहरा, हात किंवा सांध्यावर भाजले असल्यास, किंवा फोड आल्यास डॉक्टरांना दाखवावे.

साखर मोजण्याचे आणि वाटे करण्याचे काम मुलांकडे द्यावे, असे मी आवर्जून सुचवीन. बाहेरच्या केकमध्ये किती साखर आहे हे त्यांना कधीच दिसत नाही. येथे ती त्यांच्या हातांनी भांड्यात पडते. वाटे करताना सहा सारख्या लहान वाट्या घ्याव्यात आणि उरलेले भांडे जेवणाच्या टेबलावर आणू नये. आणि घरात कोणी मधुमेही असेल, तर त्यांची वाटी वेगळ्या खोलीत किंवा मागाहून नको. सर्वांसोबत, सर्वांच्या देखत द्यावी. जे उघडपणे खाल्ले जाते, त्याचेच माप ठेवता येते.