घरचा डॉक्टर

पूर्वी इंदुरातील रामबागेसारख्या मराठी वस्तीत बिऱ्हाड थाटणाऱ्यास डॉक्टर शोधावा लागत नसे. जसे घराण्याचे उपाध्ये ठरलेले, तसे डॉक्टरही. आजोबांचा दमा, सूनबाईंचे बाळंतपण आणि नातवाच्या गोवराची हकीकत एकाच माणसाच्या स्मरणात असे. आता वस्ती विखुरली, मुले पुण्या-बंगळुरास गेली, आणि लहानसहान दुखण्यालाही आपण थेट मोठ्या रुग्णालयाची पायरी चढू लागलो.

तेथे प्रत्येक अवयवाचा तज्ज्ञ भेटतो; सबंध माणसाचा मात्र कोणी नसतो. एक डॉक्टर रक्तदाबाची गोळी देतात, दुसरे गुडघ्यासाठी वेदनाशामक. काही वेदनाशामकांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडासही अपाय होऊ शकतो. दोघांनाही हे ठाऊक असते. परंतु एकाची चिठ्ठी दुसऱ्यासमोर नसते. वृद्धांच्या बाबतीत धोका नेमका येथे आहे.

इंग्लंडमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तेथे रहिवासी घराजवळच्या डॉक्टरकडे आपले नाव नोंदवतो आणि तज्ज्ञाकडे बहुधा त्यांच्याच चिठ्ठीने जातो. आपल्याकडे अशी व्यवस्था नाही. म्हणून हे नाते आपणच जोडावयास हवे.

हा शोध प्रकृती ठणठणीत असतानाच करावा. शेजाऱ्यांना विचारावे, जवळच्या औषधविक्रेत्याला विचारावे. दवाखान्यात गेल्यावर पदवी व नोंदणी क्रमांक पाहावा. २००२ च्या आचारनियमांनुसार आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी हा क्रमांक दवाखान्यात लावावा व चिठ्ठीवर लिहावा, असे बंधन आहे. राज्याच्या वैद्यकीय परिषदेच्या नोंदपटावर तो पडताळता येतो. यात अविश्वास नाही. मुलीचे स्थळ पाहतानाही आपण चौकशी करतोच. मग तीन गोष्टी विचाराव्या: आपली वेळ कोणती? आपण गावी गेलात तर कोणाकडे जावे? अंथरुणास खिळलेल्या रुग्णास घरी येऊन पाहाल काय?

पहिल्याच भेटीत एक साधी वही घेऊन जावे. तीत घरातील प्रत्येकाचे वय, जुने आजार, शस्त्रक्रिया, न सोसणारी औषधे आणि चालू गोळ्या लिहिलेल्या असाव्यात. पुढे कोणत्याही तज्ज्ञाकडे जाताना ही वही बरोबर न्यावी, आणि त्याने दिलेली चिठ्ठी परतल्यावर घरच्या डॉक्टरांस दाखवावी. छातीत असह्य कळ आली, तोंड वाकडे झाले वा बोलणे अडखळू लागले, तर मात्र कोणाची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

ज्यांची मुले परगावी आहेत, त्या वडीलधाऱ्यांनी हे काम येत्या दिवाळीपर्यंतही लांबवू नये. डॉक्टरांचा क्रमांक मुलांस कळवावा, शेजाऱ्यांस द्यावा आणि दूरध्वनीपाशी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. रात्री दोन वाजता चष्मा सापडत नाही.