मोळी कितव्या दिवशी उचलली?

साखर कारखान्याच्या काट्यावर ऊस किलोकिलोनं मोजतात. (काटा मारतात, ती गोष्ट वेगळी.) मी मुंबईच्या गोदीत माल उचलतो, तिथंही प्रत्येक पोतं कुणाच्या तरी वहीत असतं. नुकतं जन्मलेलं पोरही तोलतात, अडीच किलोच्या आत भरलं की कमी वजनाचं. मग त्याला जन्म देणारी बाई आणि तिच्या शेजारी कोयता घेऊन उभा असलेला बाप, यांचं माप कुठल्या वहीत आहे?

सरकार बाईला मोजतं, पण मेल्यावर. गरोदरपणात किंवा बाळंत झाल्यावर ४२ दिवसांच्या आत गेली तर मातामृत्यू. जगली तर शेरा: सुखरूप. हे सुखरूप कुणी ठरवलं? गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च'नं खेड्यातल्या ७७२ बायांना घरी जाऊन तपासलं. २००४ साली छापून आलं की निम्म्याहून जास्त बायांना बाळंत होताना किंवा नंतर दुखणं होतं. ते कुठल्या मृत्यूच्या आकड्यात येणार?

आणि मनाचं? गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं: शंभरातल्या २३ बाळंतिणींना उदासीचा आजार. कारणं? गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं, मुलगा हवा असताना झालेली मुलगी.

डॉक्टर लोकांकडं एडिंबराची दहा प्रश्नांची यादी आहे, १९८७ सालची. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, रडू येतं का, झोप उडाली का, जीव द्यावासा वाटला का. यादी चांगली आहे, बापांनाही लावतात. पण ती माझ्या जिल्ह्यातल्या बाईला लावून बघा.

गंगाखेड, पालम, सोनपेठकडून दिवाळीच्या आसपास जोडपी ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, घरी लग्नात नाहीतर दवाखान्यात संपलेली. बाळंतीण फडात, तिचं कार्ड गावात. आशाताईनं ४२ दिवसांत सहा फेऱ्या मारायच्या. तिच्या फॉर्मवर फार मोलाचा प्रश्न आहे: आई चोवीस तासांत किती वेळा पोटभर जेवली? पण गावातल्या घराला कुलूप. विचारणार कुणाला?

माझी थोरली बहीण कोपीत बाळंत झाली. बाराव्या दिवशी तिच्या डोक्यावर मोळी होती. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेणारा मी सांगतो, ओल्या बाळंतिणीच्या डोक्यावरची मोळी त्याहून जड असते. रात्री दोनला गाडी भरायला उठवायचे. तिला विचारा झोप उडाली का. हो म्हणेल. मग तिला मनाचा रोग म्हणायचं, की मुकादमाच्या गाडीचा?

बापाचं तर कुणी नावच घेत नाही. केंद्र सरकारच्या नोकराला बाप झाल्यावर पंधरा दिवस भरपगारी रजा. फडातल्या बापाचा कोयता अर्धा होतो, बायको पडून राहील तितके दिवस खाडा. तो तोडतो, बांधतो, भाकरी थापतो, रात्री पोटात दारू घालतो. मग बाईवर हात उगारतो. हे मी झाकणार नाही. बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्या घरातही हे होतं.

बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतिणीच्या विश्रांतीसाठी बोलले. १९२९ ला कायदा झाला, गिरणी-कारखान्यांतल्या बायांसाठी. २०१७ ला रजा २६ आठवड्यांवर गेली. फडात अजून एक दिवस पोचली नाही. माप पोचलं तेही उशिरा. शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली सरकारी समितीनं ८२ हजारांवर ऊसतोड बाया मोजल्या, तेव्हा १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. आणि आमच्या जिल्ह्याचं २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीचं पत्रक बघा. शंभरावर आकडे, जातवार एकही नाही. कुणाचं रक्त कमी हे कळतं, कुठल्या वस्तीतलं हे कळत नाही.

म्हणून यंदा पट्टा पडायच्या आत पोरापोरींनी वह्या घेऊन कोपीवर जायचं. पोरींनी बाईपाशी बसायचं, नवऱ्याला लांब ठेवून. दहा प्रश्न विचाराच, त्यांच्या बोलीत. वर आपले घाला: कितव्या दिवशी मोळी उचलली? अंगावरून किती दिवस गेलं? काल काय खाल्लं? बापाला विचारा: खाडे किती लागले? उचल किती फिटली? पोराला कडेवर कधी घेतलं? उत्तर देताना तो मुकादमाकडं बघतो का, तेही लिहून घ्या.