बनगरवाडीचा मास्तर

या आठवड्यात साताऱ्याच्या एका वाचनालयात दोन ज्येष्ठ वाचक ‘बनगरवाडी’वरून असे जुंपले, की ग्रंथपालबाईंना मध्ये पडावं लागलं. एक आटपाडीकडचे. त्यांच्या मते ही वाडीची कादंबरी, मास्तर नुसता बघ्या. दुसरे निवृत्त शिक्षक. त्यांना मास्तर फार पडखाऊ वाटतो, अशानं शाळा चालते होय! मला दोन्ही मतं साफ अमान्य आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची ही १९५५ सालची कादंबरी एका कोवळ्या पोराच्या जाणतं होण्याची आहे. औंध संस्थानच्या माणदेशी मुलखात, पोरं मेंढरांमागे रानात गेलेल्या वाडीवर तो शाळा उघडायला येतो, तेव्हा म्हातारा कारभारी त्याला मास्तर मानायलाच तयार नसतो. मग तो वाडीची पत्रं लिहितो, भांडणं ऐकतो, सगळ्यांना हाताशी धरून तालीम उभी करतो आणि औंधच्या राजाला वाडीवर आणतो. (सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेल्या संस्थानात दुसरं काय उभं राहणार!) पुढे दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात. इतकं केलेलं डोळ्यांदेखत ओस पडताना सोसायचं, हे त्या वयात किती जड! ‘कोसला’ कादंबरीतल्या पांडुरंग सांगवीकरवर पिढ्यान्‌पिढ्या तरुण जीव टाकतात, ते योग्यच, पण या मास्तरालाही त्याच्या शेजारी बसवा. घरातलं कुणी पहिल्या नोकरीला परगावी निघालं असेल, तर त्याच्या बॅगेत ‘बनगरवाडी’ टाकाच.